वर्गाचा ब्लॉग आणि दूरच्या शाळेतील वाचक

अक्षरवेध

मी सातवीच्या वर्गाला भाषा शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांचे निबंध नीटनेटके असतात, शुद्धलेखनही बरे असते. परंतु ते वाचताना सतत जाणवते की हे कोणाला काही सांगावे म्हणून लिहिलेले नाही. ते माझ्याकडे तपासायला येतात आणि लाल शेरा मिळाला की दप्तरात जातात. म्हणून या वर्षी वर्गाचा एक ब्लॉग सुरू करावा आणि दूरच्या, शक्यतो दुसऱ्या देशातील, समवयस्क मुलांच्या वर्गाशी तो जोडावा असा विचार आहे. दोन्ही वर्गांनी लिहायचे, एकमेकांचे वाचायचे आणि लेखाखाली प्रतिसाद द्यायचे, एवढीच कल्पना आहे.

सहकाऱ्यांशी बोलले तेव्हा उत्साहापेक्षा शंकाच अधिक निघाल्या. जोडीचा वर्ग शोधायचा कसा? ब्लॉग सर्वांना खुला ठेवावा की त्या दोन वर्गांपुरताच? या लेखनाला गुण द्यावेत का? आणि मुख्य म्हणजे, याने मुलांच्या लेखनात खरोखर फरक पडतो की नवलाई ओसरली की सारे पूर्ववत होते? ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी अनुभव लिहावेत, आणि ज्यांना हे निरर्थक वाटते त्यांनीही कारणांसह लिहावे.

तळटीप

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर ब्लॉग जन्माला येण्यापूर्वीच बऱ्याच अंशी मिळालेले आहे. मोशे कोहेन आणि मार्गारेट रील यांनी १९८९ मध्ये सातवीच्याच मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलांनी एकाच विषयावर दोनदा लिहिले होते : एकदा सत्र परीक्षेसाठी, म्हणजे आपल्या शिक्षकांसाठी, आणि एकदा दुसऱ्या देशांतील समवयस्कांसाठी. दूरच्या मुलांसाठी लिहिलेले निबंध अधिक ओघवते, सुसंगत आणि स्पष्ट ठरले. म्हणजे गुण मिळवण्यासाठी केलेले लेखनच कमी प्रतीचे निघाले.

याचे कारण मला असे वाटते की शिक्षकाला सगळे आधीच ठाऊक असते, आणि हे मुलालाही ठाऊक असते. शाळेचे वर्णन शाळेतल्याच शिक्षकासाठी लिहिताना 'मागच्या मैदानात' एवढे पुरते. दुसऱ्या खंडातल्या मुलीसाठी लिहिताना ते मैदान केवढे आहे, कशाच्या मागे आहे, तिथे कोण खेळते, हे सगळे सांगावे लागते. तपशील देण्याची ही गरज कितीही सूचना दिल्या तरी निर्माण होत नाही. वाचक अनोळखी असला की ती आपोआप निर्माण होते.

कल्पना तर याहूनही जुनी आहे. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये आपल्या लहानशा शाळेत छापखाना आणला, मुलांचे लेख मुलांकडूनच छपाईचे अक्षरखिळे जुळवून छापून घेतले, आणि पुढे देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतात असलेल्या एका शाळेशी त्या छापील मजकुराची देवाणघेवाण सुरू केली. तुम्ही योजता आहात ते तेच आहे, फक्त आता खिळे जुळवावे लागत नाहीत.

सरळरेषा

मग ब्लॉगच कशाला हवा? पत्रे पाठवावीत. किंवा थेट व्हिडिओ कॉल करावा, मुले एकमेकांना पाहतील, बोलतील, तासाभरात ओळख होईल.

मध्यान्ह

@सरळरेषा, आम्ही व्हिडिओ कॉल करून पाहिला आहे. दोन्हीकडील तीस-तीस मुले पडद्यासमोर दाटीवाटीने बसतात, चार धीट मुले बोलतात, उरलेली हात हलवतात. शिवाय दोन शाळांमध्ये आठ-दहा तासांचे अंतर असेल तर एका वर्गाची शाळा भरते तेव्हा दुसरा वर्ग घरी झोपलेला असतो. लेखनाला ही अडचण नाही. आज लिहिलेले दुसऱ्या बाजूने उद्या सकाळी वाचले तरी काही बिघडत नाही. जी मुले वर्गात तोंड उघडत नाहीत त्यांना विचार करून लिहायला वेळ मिळतो, आणि हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. पत्राबद्दल म्हणाल तर पत्र एका मुलाचे एका मुलाला असते. समोरच्याने उत्तर दिले नाही तर ते मूल हिरमुसून बसते आणि शिक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. ब्लॉगवर सगळा वर्ग सगळे वाचतो, त्यामुळे एकाचे उत्तर राहिले तरी दुसऱ्याचे येते.

आता धागाकर्त्यांच्या नवलाईविषयीच्या शंकेबद्दल. ती खरी आहे. आमच्याकडे पहिले काही आठवडे मुले उड्या मारत होती. नंतर प्रतिसाद पाहिले तर एकजात 'छान लिहिले आहे', 'मला आवडले', 'खूप मस्त' एवढेच. लिहिणाऱ्या मुलांना दोनदा-तीनदा आनंद झाला, मग त्यांनाही कळले की समोरच्याने बहुधा पूर्ण वाचलेलेच नाही. त्यानंतर आम्ही लेख लिहिणे थोडे थांबवले आणि वर्गात केवळ प्रतिसाद लिहायला शिकवले. लेखातील एखाद्या विशिष्ट वाक्याचा उल्लेख हवा, त्याला जोडून स्वतःचे काहीतरी हवे, आणि शेवटी ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात संपणार नाही असा एक प्रश्न हवा. लिहिणाऱ्याने त्या प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे, हाही नियम केला. ब्लॉग त्यानंतर खऱ्या अर्थाने चालू लागला. माझे स्पष्ट मत असे आहे की या उपक्रमात लेखापेक्षा प्रतिसाद महत्त्वाचा असतो आणि शिक्षकाचे बहुतेक श्रम तिकडे जायला हवेत. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होते.

चांदणचकवा

छान लिहिले आहे. मला आवडले. खूप मस्त.

मध्यान्ह

@चांदणचकवा, नियमाप्रमाणे प्रश्न राहिला. पुन्हा लिहून आणावे.

कुलूपकिल्ली

मी शाळांच्या संगणकव्यवस्थेचे काम पाहतो, त्यामुळे खुला की बंद या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

मुलांच्या माहितीविषयीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत आणि तुमचा जोडीचा वर्ग दुसऱ्या देशात असेल तर दोन्हीकडचे नियम पाहावे लागतील. अमेरिकेचा १९९८ चा कायदा तेरा वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती मागतो. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत ही वयोमर्यादा सोळा आहे, मात्र सदस्य देशांना ती तेरापर्यंत खाली आणण्याची मुभा आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्यात बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. तेव्हा 'तिकडच्या शाळेला चालते' हे उत्तर पुरेसे नाही. जो नियम अधिक कडक असेल तो दोघांनी पाळावा आणि पालकांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी.

व्यवहारात पुढील काळजी पुरेशी ठरते. मुलांनी टोपणनाव किंवा केवळ पहिले नाव वापरावे. छायाचित्रात चेहरा आणि नाव एकत्र येऊ देऊ नये, आणि मोबाइलवर काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कुठे काढले त्याचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात, म्हणून ते काढून टाकल्याशिवाय चित्र चढवू नये. प्रत्येक प्रतिसाद शिक्षकाच्या मंजुरीनंतरच दिसेल अशी सोय बहुतेक सर्व ब्लॉगसेवांमध्ये असते, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी. ब्लॉगला पासवर्ड लावता येत असेल तर लावावाच. शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये अशी सूचना देता येते, पण ती केवळ विनंती असते, कुलूप नव्हे, हे लक्षात असू द्यावे.

मुक्तछंद

@कुलूपकिल्ली यांचे मुद्दे बिनतोड आहेत, परंतु एवढी दारे लावून घेतल्यावर आत उरते ते पुन्हा वर्गातलेच लेखन. खुल्या लेखनाची ताकद पाहायची असेल तर स्कॉटलंडमधील त्या नऊ वर्षांच्या मुलीचे उदाहरण आठवावे. २०१२ मध्ये तिने शाळेत मिळणाऱ्या जेवणाची छायाचित्रे आणि त्यावरील आपले मत ब्लॉगवर देण्यास सुरुवात केली. निरनिराळ्या देशांतील मुले आपापल्या शाळेतील जेवणाची छायाचित्रे तिला पाठवू लागली. स्थानिक परिषदेने तिला शाळेत छायाचित्रे काढण्यास मनाई केली, त्यावर एवढा गदारोळ झाला की परिषदेला लगेचच निर्णय मागे घ्यावा लागला, आणि तिने मुलांना शाळेत जेवण पुरवणाऱ्या एका संस्थेसाठी सुरू केलेला निधी एक लाख पौंडांच्या वर गेला. ब्लॉगला पासवर्ड असता तर यातले काय झाले असते?

कुलूपकिल्ली

काहीच झाले नसते, हे मान्य. पण तो ब्लॉग तिने घरी, वडिलांच्या मदतीने सुरू केला होता. तिची स्वतःची इच्छा होती आणि प्रत्येक पावलाला एक पालक सोबत होता. वर्गातल्या तीस मुलांना शिक्षिकेने सांगितले म्हणून लिहावे लागते, आणि त्यातले एक मूल 'मला जगासमोर लिहायचे नाही' असे म्हणू शकत नाही. जे मूल नकार देऊ शकत नाही, त्याचे लेखन खुले करण्याचा अधिकार शाळेला आहे असे मला वाटत नाही. शिवाय, दहा-बारा वर्षांच्या वयात लिहिलेले काही मोठेपणी शोधात वर यावे, असे किती जणांना वाटते?

मुक्तछंद

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण माझ्या लहानपणीच्या कविता सुदैवाने वहीतच राहिल्या. तरीही मी म्हणेन की वर्षाच्या शेवटी मुलांनी स्वतः निवडलेले काही लेख, पालकांना विचारून, खुले करावेत.

पारंबी

खुला की बंद या वादात एक गोष्ट हरवते आहे. 'सगळे जग' हा मुलासाठी वाचकच नसतो. खुल्या ब्लॉगवर बहुतेक वेळा कोणीही फिरकत नाही. एक ठरावीक वर्ग, ज्यातील मुलांची टोपणनावे आणि आवडीनिवडी हळूहळू माहीत होत जातात, तो खरा वाचक.

इंग्लंडमधील बोल्टन येथील एका प्राथमिक शिक्षकाने २०११ च्या सुमारास एक सोपी पद्धत रूढ केली. चार शाळांचा एक गट करायचा. प्रत्येक आठवड्यात एका शाळेचा ब्लॉग केंद्रस्थानी, उरलेल्या तीन शाळांनी त्यावर जाऊन वाचायचे आणि प्रतिसाद द्यायचे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेची पाळी. चार आठवड्यांनी फेरा पूर्ण होतो. वाचक मिळण्याची हमी हा यातला खरा शोध आहे. मात्र आम्ही हा प्रकार सुरू केला तेव्हा चारपैकी एक शाळा मध्येच गळाली आणि तिच्या आठवड्यात मुले रिकाम्या पानाकडे पाहत बसली. पहिल्या वर्षी दोनच वर्गांची जोडी करावी, असे मी सुचवेन.

सरळरेषा

तीस मुलांच्या तीस लेखांवर तीस प्रतिसाद मंजूर करायचे, म्हणजे शिक्षकाने झोपायचे कधी?

पारंबी

म्हणूनच प्रत्येक मुलाचा वेगळा ब्लॉग न काढता वर्गाचा एकच ब्लॉग काढायचा आणि पाच-सहा मुलांच्या गटाने आळीपाळीने लिहायचे. एका आठवड्यात पाच लेख आले आणि समोरच्या वर्गातील तीस मुलांनी एकेक प्रतिसाद दिला की प्रत्येक लेखाला सहा प्रतिसाद मिळतात, आणि वाचणेही आवाक्यात राहते. संगणक एकच असेल तरी अडत नाही. पहिला खर्डा वहीत, जोडीदाराकडून वाचन, दुरुस्ती, आणि मगच टंकन. खर्ड्यावर वहीतच काम झाल्याने लेखन सुधारते, हा एक अनपेक्षित फायदा.

खगोलवेडा

भाषेच्या शिक्षकांची चर्चा चालू आहे, तरी विज्ञानाच्या शिक्षकाने मध्ये तोंड घालतो. 'माझी शाळा', 'आमचे सण' असल्या विषयांवर दोन वर्ग किती दिवस लिहिणार? दूर असण्याचाच उपयोग होईल असा विषय हवा, म्हणजे जे एका वर्गाला एकट्याने कधीच करता येणार नाही.

माझा आवडता विषय म्हणजे सावली. दोन्ही वर्गांनी एकाच तारखेला, आपापल्या स्थानिक मध्यान्ही, म्हणजे सावली सर्वांत आखूड असताना, मीटरभर उंचीच्या उभ्या काठीची सावली मोजायची. त्यावरून सूर्य डोक्यापासून किती अंश ढळला आहे ते निघते. दोन्ही सावल्या एकाच दिशेला पडत असतील तर कोनांची वजाबाकी, आणि विरुद्ध दिशांना पडत असतील तर बेरीज, हाच अक्षांशांतला फरक. एका अंशाला साधारण १११ किलोमीटर या हिशेबाने दोन शाळांमधले उत्तर-दक्षिण अंतर काढता येते. किंवा ते अंतर नकाशावर मोजून, उलट दिशेने, पृथ्वीचा परीघ काढता येतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने हेच केले होते. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी मोजले तर तो कोन थेट तुमचा अक्षांशच असतो.

गंमत पुढे येते. आमच्या जोडीचा वर्ग दक्षिण गोलार्धात, बराच खाली होता. त्यांनी लिहिले की भर दुपारी आमची सावली दक्षिणेकडे पडते. आमच्या मुलांनी ठामपणे कळवले की तुमचे होकायंत्र बिघडले आहे. त्यानंतर दोन्ही बाजूंनी जे प्रतिसाद आले, आकृत्या आल्या, गोलावर टॉर्च मारून काढलेली छायाचित्रे आली, तेवढे तर्कशुद्ध लेखन मला त्या मुलांकडून पूर्वी कधीच मिळाले नव्हते. कोणालाही 'स्पष्टीकरण लिहा' असे सांगावे लागले नाही. समोरच्याला पटवायचे होते, एवढेच.

तळटीप

@खगोलवेडा, अतिशय सुंदर. तुमच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. दोन गटांतील पूर्वग्रह केवळ भेटीने कमी होत नाहीत, त्यासाठी काही अटी लागतात, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते : दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते सहकार्याने गाठायचे हवे, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. सावली मोजताना पहिल्या तिन्ही अटी सहज पूर्ण होतात, कारण दुसऱ्या वर्गाचा आकडा आल्याशिवाय गणितच सुटत नाही.

ओसरी

हा दर्जाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि मी तो थोडा कडू शब्दांत मांडणार आहे. संपन्न शाळा आणि साधनहीन शाळा यांची जोडी लावली जाते, तेव्हा अनेकदा एक वर्ग सहानुभूतीने प्रश्न विचारतो आणि दुसरा वर्ग आपल्या अडचणींची वर्णने लिहीत बसतो. 'तुमच्याकडे वीज असते का', 'तुम्ही शाळेत चालत जाता का' अशा प्रश्नांना उत्तरे देता देता मुलांना वाटू लागते की आपल्याकडे सांगण्यासारखे एवढेच आहे. आमच्या वर्गाने अशा प्रश्नांना उत्तर देणे अखेर थांबवले आणि उलट विचारले की तुमच्या वर्गात भांडण झाले की ते कोण मिटवते. त्यावर मात्र दोन्हीकडची मुले अगदी तपशिलात लिहू लागली, कारण भांडणांच्या बाबतीत कोणीच कोणापेक्षा गरीब नव्हते.

भाषेचेही तसेच. एका वर्गाची मातृभाषा आणि दुसऱ्याची शिकलेली भाषा असेल तर पहिल्या वर्गातील मुले नकळत चुका दाखवू लागतात. समोरच्याच्या शुद्धलेखनावर प्रतिसादात बोलायचे नाही, असा नियम पहिल्याच दिवशी दोन्ही शिक्षकांनी मिळून घालावा.

चांदणचकवा

@ओसरी, 'आपल्याकडे सांगण्यासारखे एवढेच आहे' या वाक्यापाशी मी थांबले. आमच्या उपक्रमात असे प्रश्न दुसऱ्या बाजूने येत नव्हते, आमचीच मुले विचारत होती. अशा वेळी शिक्षकाने प्रश्न मंजुरीतच अडवावा की तो जाऊ द्यावा आणि नंतर वर्गात त्यावर बोलावे?

(@मध्यान्ह, उल्लेख, भर आणि प्रश्न, तिन्ही आहेत. तपासून घ्यावे.)

ओसरी

अडवावा, पण फेकून देऊ नये. तो फळ्यावर लिहावा आणि 'हाच प्रश्न आपल्याला कोणी विचारला तर?' असे वर्गाला विचारावे. बहुतेक वेळा मुले स्वतःच तो बदलतात.

कुलूपकिल्ली

एक व्यावहारिक सूचना राहिली. ब्लॉगसेवा बंद पडतात. जिओसिटीजवरील असंख्य पाने २००९ मध्ये गेली, पोस्टरस ही सेवा २०१३ मध्ये बंद झाली. प्रत्येक सत्राच्या अखेरीस सगळा मजकूर उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवावा. तसेच वर्ष संपल्यावर एखाद्या मुलाने आपला लेख काढून टाका असे सांगितले, तर कारण न विचारता तो काढावा.

अक्षरवेध

सर्वांचे मनापासून आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. ब्लॉग बंदच ठेवते, जोडी एकाच वर्गाशी करते, आणि पहिले दोन आठवडे लेखाऐवजी प्रतिसाद लिहिण्याच्या सरावाला देते. सावलीचा प्रयोग विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवला, ते माझ्यापेक्षा उत्साहात आहेत. गुणांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि जोडीचा वर्ग शोधण्याचाही.

मध्यान्ह

गुणांबद्दल : ब्लॉगवरील लेखाला गुण देऊ नयेत असे माझे मत आहे, कारण गुण आले की वाचक पुन्हा तुम्हीच होता. पण शाळेला काहीतरी नोंद लागतेच, म्हणून आम्ही मुलांना एक जोड मागतो : पहिला खर्डा, आणि वाचकांच्या प्रश्नांनंतर सुधारलेला लेख. एका मुलाने लिहिले होते, 'तिथून डावीकडे वळले की नदी दिसते.' समोरून विचारणा आली, 'कुठून?' त्याने तो परिच्छेद नव्याने लिहिला. मूल्यमापन त्या बदलाचे करावे. चुका सगळ्या दुरुस्त करून मगच लेख चढवण्याचा मोह टाळावा. ज्या वाक्यावर समोरचा वाचक अडखळणार आहे, ते तसेच जाऊ द्यावे.

पारंबी

जोडीच्या वर्गाबद्दल : शिक्षकांना एकमेकांशी जोडून देणारी जाळी आहेत, तिथून सुरुवात करावी. आयअर्न हे जाळे १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को येथील शाळांच्या जोडणीतून सुरू झाले आणि आता अनेक देशांत पसरले आहे. युरोपातील शाळांसाठी ई-ट्विनिंग २००५ पासून आहे. मुलांची जोडी लावण्याआधी त्या शिक्षकाशी तुम्ही स्वतः महिनाभर पत्रव्यवहार करून पाहा. जो शिक्षक तुमच्या पत्राला आठवड्यात उत्तर देत नाही, त्याचा वर्ग तुमच्या मुलांनाही देणार नाही.

आणि पहिल्याच पत्रात सुट्ट्यांचे वेळापत्रक मागून घ्या. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस, युरोपात बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या सुमारास. तुमच्या मुलांनी जीव ओतून लिहिलेला लेख नेमका समोरच्या वर्गाच्या उन्हाळी सुट्टीत चढला, तर दीड-दोन महिने त्यावर एकही प्रतिसाद येणार नाही. दोन्हीकडे शाळा सलग भरलेली असेल असे दहा-बारा आठवडे शोधा आणि सगळा उपक्रम तेवढ्यातच बसवा.